दशांश चिन्हानंतरचा पाचवा आकडा

वजनकाट्याच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात एक बारीक वर्तुळ असतं. काटा अजून स्थिर झालेला नाही, एवढंच ते सांगतं. वर्तुळ विझलं की आकडा लिहायचा, त्याआधी नाही. हेमांगीने चिमट्याने दोनशे ग्रॅमचं वजन तबकावर ठेवलं, काचेचं दार सरकवलं आणि हात मांडीवर घेऊन ती थांबली. दशांश चिन्हानंतरचा पाचवा आकडा तीन झाला, चार झाला, पुन्हा तीन झाला. बाराव्या सेकंदाला वर्तुळ विझलं. तिने आकडा लिहिला आणि शेजारच्या रकान्यात वेळ लिहिली: सकाळचे सहा वाजून एकेचाळीस मिनिटं.

अशा दहा नोंदी झाल्यावर तिने वजन मखमलीच्या खाचेत परत ठेवलं आणि दुसरं घेतलं. बारीक वजनांचं सगळं काम तिला आठच्या आत संपवायचं असे. आठ वाजता शेजारच्या प्लॉटवर जमिनीत खांब ठोकणारं पायलिंगचं यंत्र सुरू होई. तीन टॉवरांचा पाया खणायचा होता. जमिनीतून येणारा हादरा हवेतून येणाऱ्या आवाजापेक्षा वेगवान असतो, त्यामुळे यंत्र सुरू झाल्याचं काट्याला आधी कळे आणि हेमांगीला नंतर. एकदा कळल्यावर मात्र संध्याकाळी सहापर्यंत ते वर्तुळ विझत नसे.

ही गोष्ट तिने चौदा महिने काशीराम तावड्यांपासून लपवून ठेवली होती.

‘तावडे कॅलिब्रेशन’ अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीतल्या शुभलक्ष्मी इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावर होतं, गाळा नंबर नऊ. औषध कंपन्यांची वजनं, थर्मामीटर, दाबमापक इथे तपासायला येत. काशीरामांनी पस्तीस वर्षांपूर्वी हा गाळा घेतला तो खालच्या खडकासाठी. फरशी फोडून, काळा कातळ उघडा करून त्यावर त्यांनी दगडी टेबलाचे पाय थेट रोवले होते. टेबल फरशीला कुठेच टेकत नव्हतं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते टेबलाजवळ नेत, त्यावर पंजा दाबत आणि म्हणत, “मुंबईत सगळं हलतं. हे हलत नाही.” पाहुणा मान डोलवी. त्यांच्या पंजाची ऊब जाऊन टेबलाचं तापमान पूर्ववत व्हायला वीस मिनिटं लागत. तेवढा वेळ हेमांगी थर्मामीटरची कामं करी.

अशा माणसाला टेबल हलतंय हे सांगायचं कसं? ती भौतिकशास्त्र शिकलेली होती, सतरा वर्षं इथे काम करत होती, पण याचं तंत्र तिला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून ती मुलुंडहून साडेपाचची बस पकडून येऊ लागली. काशीरामांनी एकदाच कारण विचारलं होतं. “सकाळी ट्रॅफिक कमी असतं, सर,” ती म्हणाली होती. ट्रॅफिक खरोखरच कमी असे. ती खोटं बोलत नसे.

साडेनऊला काशीराम आले. चपला बाहेर, पायात कापडी बूट, खिशात हिरव्या स्टिकरांचा रोल. हा रोल म्हणजे त्यांची ओळख होती. तपासलेल्या प्रत्येक उपकरणावर स्टिकर लागतं: तपासणी दिनांक, पुढील तपासणी दिनांक. सवयीने काशीराम ते कशावरही लावत. भिंतीवरच्या घड्याळावर स्टिकर होतं, पाण्याच्या फिल्टरवर होतं, लोणच्याच्या बरणीवर होतं. त्यांच्या स्वतःच्या चष्म्याच्या डबीवरही होतं, आणि ती तारीख उलटून गेली होती.

सगळ्यात जास्त स्टिकरं मात्र एका प्लॅस्टिकच्या फाइलवर होती. इस्टेट पाडून तिथे काचेचा बिझनेस पार्क होणार होता. बेचाळीसपैकी एकेचाळीस गाळेधारकांनी संमतीपत्रावर सह्या केल्या होत्या. सगळ्यांना बदली जागा कांजूरमार्गला मिळणार होती. काशीरामांसाठी तर मुद्दाम तळमजल्याचा गाळा राखून ठेवला होता. बिल्डरचा माणूस हितेश दर मंगळवारी फाइल घेऊन येई. काशीराम आधी म्हणाले, कांजूरला कचऱ्याचा वास येतो. मग म्हणाले, विचार करून सांगतो. मग त्यांनी फाइलवर स्टिकर लावलं: पुढील तपासणी, सहा महिन्यांनी. त्यानंतर तारीख उलटली की नवं. आता फाइलवर पाच होती.

“काय म्हणतो खडक?” त्यांनी टेबलावर पंजा ठेवत विचारलं.

“नोंदी चांगल्या आल्या, सर.”

“येणारच.” त्यांनी रजिस्टर उघडलं, तिच्या सहीखाली नेहमीसारखी आपली सही केली. “आज साडेअकराला तो परीक्षक समोर बसून वजन करून घेणार. घाबरायचं नाही.”

“नाही, सर.”

“घाम येता नये. घामाने आर्द्रता वाढते.”

हेमांगीने हातमोजे काढले, पुन्हा घातले. मान्यता देणाऱ्या संस्थेचा परीक्षक दर दोन वर्षांनी येई. या वेळी त्याने मेलवर वेळ कळवली होती, आणि ती यंत्राच्या ऐन भरातली होती. वर्तुळ विझणार नाही. बारीक वजनांची मान्यता जाईल, ती गेली की औषध कंपन्या जातील. पण याहीपेक्षा तिला डोळ्यांपुढे वेगळंच दिसत होतं. काशीराम परक्या माणसासमोर टेबलावर पंजा दाबून ‘हे हलत नाही’ म्हणताहेत आणि मागे आकडे नाचताहेत.

“सर, त्यांना साडेअकराऐवजी उद्या सकाळी सातला बोलावलं तर?”

“सातला? तो म्हणेल, ही लॅब आहे की दूध केंद्र?” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग मोबाइलकडे, आणि फोन करायला बाहेर गेले. आठवडाभर त्यांचे फोन बाहेरच होत होते. हृदयाच्या डॉक्टरांचे असावेत असं हेमांगीने ठरवलं होतं, आणि हेही तिला टेबलाची बातमी न देण्याचं एक कारण मिळालं होतं.

सव्वादहाला ती सोनूबाईंचा काटा घेऊन गेटवर गेली. मरोळच्या कोळीवाड्यातल्या सोनूबाई गेटच्या बाजूला पाटी मांडून मासे विकत. वर्षातून एकदा त्यांचा काटा तपासायला आत येई आणि पुढचे दोन दिवस लॅबमध्ये बोंबलाचा वास राही.

“पास झालं काय गो?”

“झालं. किलोला दोन ग्रॅम कमी दाखवतोय, पण मर्यादेत आहे.”

“कमी? म्हंजे मीच सगल्यांना जास्त देतंय?” सोनूबाईंनी हातातल्या कोयत्याने हवेत हिशेब केला. “दोन ग्रॅम म्हंजे कोलंबीची मिशी. जाव दे.”

तेवढ्यात हितेशची स्कूटर आली. घाटकोपरचा, चाळिशीचा, कायम इस्त्रीच्या शर्टातला. हँडलला फाफड्याची पिशवी लटकत होती.

“गुड मॉर्निंग, मॅडम! काकांना सांगा, आज ड्यू डेट आहे.” त्याने मोबाइलवर फाइलच्या पाचव्या स्टिकरचा फोटो दाखवला. “मी रिमाइंडर लावलेला. सहावं स्टिकर लावतील ना आज?”

“हितेशभाई, एक काम होतं.”

हितेश स्कूटर स्टँडवर लावता लावता थांबला. सतरा वर्षांची माहिती नाही, पण त्याच्या तीन वर्षांत या बाईंनी त्याच्याकडे कधी पाण्याचा ग्लाससुद्धा मागितला नव्हता.

“शेजारचं पायलिंग तुमच्याच कंपनीचं आहे ना?” हेमांगीने सकाळपासून तीनदा जुळवलेलं वाक्य म्हटलं. “आज साडेअकरा ते साडेबारा ते बंद ठेवता येईल का? एकच तास. आणि यातलं काही सरांना कळता कामा नये. त्यांचा त्या टेबलावर फार जीव आहे.”

हितेशने तिच्याकडे पाहिलं. मग सोनूबाईंकडे पाहिलं. मग फाफड्याची पिशवी छातीशी धरून तो हसायला लागला.

“आयला, तुम्ही पण?”

“पण म्हणजे?”

“मी प्रॉमिस केलेलं यार, काकांना. नाही बोलणार म्हणून.” त्याने आवाज खाली आणला. “मागच्या मंगळवारी काकांनी सेम टू सेम सांगितलं. ‘हितेश, साडेअकरा ते साडेबारा मशीन बंद. आणि हेमांगीला कळता नये. तिचा त्या टेबलावर जीव आहे.’ आत्ता पण फोन आलेला. रोज येतो.”

सोनूबाईंचा काटा अजून हेमांगीच्याच हातात होता. तो तिने पाटीशेजारी ठेवला, सरळ केला, पुन्हा थोडा सरळ केला.

“त्यांना कधीपासून माहीत आहे?”

“ते मला काय माहीत? पण मार्चमध्ये आमच्या साइटवाल्यांनी मशीन सातला चालू केलं ना, दोन दिवस, तर काका स्वतः आले ऑफिसला. काय शिव्या दिल्या, मालवणीत! एक पण समजली नाही, पण मशीन आठला झालं परत.”

मार्चमधले ते दोन दिवस तिला आठवत होते. तिसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा आठला सुरू झालं तेव्हा तिने ते नशीब मानलं होतं, आणि नशीब हा शब्द ती सहसा वापरत नसे.

मग तिला रजिस्टर आठवलं. सहा एकेचाळीस. सहा अडतीस. सहा चव्वेचाळीस. चौदा महिने रोज तिने खरी वेळ लिहिली होती. दुसरी कुठली लिहिता येते हेही तिच्या मनात आलं नव्हतं. आणि चौदा महिने रोज त्या वेळांखाली काशीरामांची सही होती.

“दोघं मिलून एकाच मानसाला सांगतंय,” सोनूबाई बोंबलावर पाणी शिंपडत म्हणाल्या, “आनि एकमेकाला नाय सांगत. शिकल्या मानसांचा काय खरा नाय बाय.”

“तसं नाही, सोनूबाई. जागेचा प्रश्न आहे.”

“जागेचा?” सोनूबाईंनी रस्त्याच्या चार दिशांना कोयता दाखवला. “आधी त्या नाक्यावर बसायची. मग बँकेच्या समोर. मग तो पूल आला, मंग हतं, या गेटाशी. जागा बदलली म्हनून मासली बदलते काय गो?”

परीक्षक अकराला आले. मिहिर सहस्रबुद्धे, पुण्याचे, पस्तिशीचे, पाठीवर सॅक. चहा विचारला, ते म्हणाले हरकत नाही. साखर विचारली, तेव्हाही हरकत नाही म्हणाले. घड्याळावरचं स्टिकर त्यांनी वाचलं, फिल्टरवरचं वाचलं, लोणच्याच्या बरणीवरचं वाचून काही तरी लिहून घेतलं.

काशीरामांनी त्यांना टेबलाजवळ नेलं. हेमांगीने पाहिलं, पंजा उचलला गेला, टेबलाच्या वर थोडा वेळ थांबला, आणि खिशात गेला.

“हे आमचं टेबल,” एवढंच ते म्हणाले.

अकरा पंचवीसला बाहेरचा आवाज थांबला. चौदा महिन्यांत दिवसाढवळ्या अशी शांतता झाली नव्हती. लोणच्याच्या बरणीवरची माशीसुद्धा ऐकू आली. हेमांगीने घड्याळाकडे पाहिलं. काशीरामांनीही त्याच क्षणी पाहिलं. दोघांची नजर घड्याळावरून घसरून एकमेकांवर आली आणि दोघांनी ती लगेच आपापल्या कामाला लावली.

वजन तबकावर ठेवलं. वर्तुळ आठ सेकंदांत विझलं. दुसऱ्यांदा नऊ सेकंद, तिसऱ्यांदा आठ. दहाही नोंदींत पाचवा आकडा दोनच्या पुढे सरकला नाही. इतक्या देखण्या नोंदी तिला पहाटेसुद्धा आल्या नव्हत्या. आकडे लिहिताना तिचे कान तापले होते.

“फारच सुंदर,” मिहिर म्हणाले. “मुख्य रस्त्याच्या एवढ्या जवळ अशी स्थिर जागा माझ्या पाहण्यात नाही. अभिनंदन.”

“हं,” काशीराम म्हणाले. सतरा वर्षांत या वाक्यावर त्यांचं उत्तर एका अक्षराचं कधीच नव्हतं.

मिहिर रजिस्टरची पानं मागे उलटू लागले. एक पान, दहा पानं, मग अंगठ्याने जाडजूड गठ्ठा.

“एक छोटी शंका होती. सहा अडतीस, सहा एकेचाळीस, सहा पन्नास... चौदा महिने सगळी बारीक वजनं सकाळीच झालेली दिसतात. आठनंतरची एकही नोंद नाही. याला काही विशेष कारण?”

“ट्रॅफिक—” हेमांगी म्हणाली.

“तापमान—” काशीराम म्हणाले.

दोघं एकदमच बोलले आणि एकदमच थांबले. मिहिरांचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

“यातलं कोणतं लिहू?”

दोन्ही कारणं खरी होती. सकाळी ट्रॅफिक कमी असे आणि तापमानही स्थिर असे. यापैकी काहीही लिहिलं असतं तरी अहवालात एक शब्द खोटा नसता. हेमांगीने समोरच्या दहा नोंदींकडे पाहिलं. त्यातही एक आकडा खोटा नव्हता. तिने चिमटा हातात घेतला, खाली ठेवला.

“सर,” ती हळूच म्हणाली, “आपण ह्या नोंदी—”

“माहीत आहे गो,” काशीराम म्हणाले. त्यांनी खिशातला स्टिकरांचा रोल टेबलावर ठेवला आणि मोबाइल काढला. या वेळी ते बाहेर गेले नाहीत. “हितेश? मशीन चालू कर. हो, आत्ताच. आधी काय ठरलं ते विसर. अरे मेल्या, वेडो नाय झालंय मी, चालू कर!”

फोन खिशात गेला.

“वजन ठेव,” ते हेमांगीला म्हणाले. “मिहिरराव, इकडे या. जवळून बघा.”

तिने वजन ठेवलं, दार सरकवलं, हात मांडीवर घेतले. वर्तुळ आठ सेकंदांत विझलं. तिघंही वाकून बघत राहिले. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. मग कोपऱ्यात वर्तुळ पुन्हा उमटलं. पाचवा आकडा सात झाला, एक झाला, नऊ झाला. चौथाही सुटला. त्यानंतर आवाज आला.

काशीरामांनी टेबलावर पंजा ठेवला. आता दाबला नाही. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा नुसता ठेवला.

“हे कसं नोंदवू?” मिहिरांनी विचारलं. त्यांचं ‘हरकत नाही’ पहिल्यांदाच कुठे तरी अडकलं होतं.

“दिसतंय तसं. आधीच्या दहा नोंदी रद्द. मशीन मी बंद करायला लावलं होतं.”

“मीही सांगितलं होतं,” हेमांगी म्हणाली.

“तू?”

“सकाळी, गेटवर.”

काशीरामांनी तिच्याकडे पाहिलं. “तरीच तो मघाशी फोनवर हसत होता.”

तिने पेन घेतलं आणि दहा नोंदींवर एकच सरळ रेघ मारली, खालचे आकडे वाचता येतील अशी. खोडताना मूळ आकडा झाकायचा नाही, हा लॅबचा नियम होता. शेजारी सही केली, वेळ लिहिली: बारा वाजून चार मिनिटं. काशीरामांनी त्याखाली सही केली.

“एवढे महिने कळत होतं तर बोलली का नाहीस?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. तुम्ही?”

“साडेपाचची बस पकडून येतेस रोज त्या टेबलापायी. मला वाटलं, जागा सोडली तर ही पोरगी काही इथून येणार नाही आमच्याबरोबर.”

दारात हितेश उभा होता. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात फाफडा. “काका, चालू केलं. काय चुकलं का माझं?”

काशीरामांनी फाइल घेतली. सवयीने त्यांचा हात खिशातल्या स्टिकरच्या रोलकडे गेला, पण रोल खिशात नव्हता. तो टेबलावर होता आणि हेमांगीचा हातमोजा घातलेला हात त्यावर होता.

“कांजूरला वास येतो गो.”

“येतो, सर. पण तो आपल्या काट्यावर दिसत नाही.”

“आणि तुला किती लांब पडेल?”

“मुलुंडपासून तिसरं स्टेशन आहे.”

मिहिरांनी उगीचच चष्मा पुसला.

“तिसरं,” काशीराम स्वतःशी म्हणाले. मग त्यांनी फाइलवरचं पाचवं स्टिकर नखाने सोलायला घेतलं. ते सहज निघेना. या स्टिकरचा चिकटपणा त्यांनी स्वतः तपासून पसंत केला होता. शेवटी अर्धं निघालं, अर्धं राहिलं. त्यांनी ते तसंच सोडलं आणि हितेशकडे पेनासाठी हात पुढे केला.

“मिहिरराव, शेऱ्याच्या रकान्यात लिहा,” ते म्हणाले, आणि यंत्राचा पुढचा ठोका पडेपर्यंत थांबले. “ही जागा हलते. आम्ही ती सोडतोय.”